बाळंतिणीचा रक्तदाब कोण मोजतो?

बाळ रडलं, वार पडली, की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. आईच्या हृदयाची सगळ्यात मोठी कसोटी नेमकी त्याच घटकेला असते. गरोदरपणात तिच्या अंगातलं रक्त जवळपास दीडपट झालेलं असतं. प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातलं ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त मुख्य प्रवाहात ढकललं जातं. बाळ बाहेर येताच गर्भाशय आवळतं, पोटातल्या मोठ्या शिरेवरचा दाब उतरतो आणि हृदयाकडे लोंढा येतो. धडधाकट हृदय तो पेलतं. लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झाली असेल, तर रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि बाईला धाप लागते. आपल्याकडे हा झडपेचा आजार कित्येकींना गरोदरपणातच पहिल्यांदा कळतो.

प्रसूतिगृहात निदान डॉक्टर असतात. मला जास्त काळजी वाटते ती घरी आल्यानंतरच्या दिवसांची. बाळंतिणीचा रक्तदाब साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढतो. तोवर ती माहेरी पोचलेली असते, घर पाचवीच्या तयारीत असतं. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखतं. जागरणामुळे होत असेल, असं म्हणून सोडून दिलं जातं. मग झटके येतात. गरोदरपणात रक्तदाब अगदी नीट होता, अशा बाईलाही ते येऊ शकतात. यावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त इंजेक्शन आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने २००२ साली दाखवलं, की ते वेळेत दिल्यास झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण ते द्यायला रक्तदाब आधी कुणीतरी मोजलेला हवा.

आपली एक रीतही इथे आड येते. पोट सुटेल म्हणून बाळंतिणीला पाणी बेतानं देतात. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्ताचा कल गोठण्याकडेच असतो. त्यात अंगातलं पाणी आटलं, की मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्या, पण तिला तहानेलं ठेवू नका.

पायांवर सूज, आडवं झालं की गुदमरणं, उशांना टेकून रात्र काढणं, हा बाळंतपणाचा थकवा नव्हे. हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याची ती खूण असू शकते, आणि हा आजार प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत उद्भवतो.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. धोक्याचे दिवस या वेळापत्रकात बरोबर सापडतात. मात्र ही योजनाच नवजात बाळाच्या नावाने आहे. तिच्या संचात वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, तो बाळासाठी. आरोग्य खात्याने त्यात रक्तदाब मोजण्याचं यंत्र घालावं आणि निदान पहिल्या दोन भेटींत आईची नोंद सक्तीची करावी.

तोवर घरच्यांनीच एवढं करावं: तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तिचा रक्तदाब मोजून घ्यावा. १४०/९० भरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १६०/११० भरला तर तडक १०८ ला फोन करावा.