घरपोच शुश्रूषा : पारख कशाची?

मुले परगावी आणि घरी अंथरुणास खिळलेले वडील, अशी कुटुंबे आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत. शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थेची निवड मात्र पुष्कळदा माहितीपत्रक आणि दर पाहूनच होते. ‘प्रशिक्षित परिचारिका’ एवढ्या शब्दांवर भिस्त ठेवणे धोक्याचे. जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परिचारिकेची राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. थोड्याफार शिकवणीनंतर येणाऱ्या मदतनिसाची नसते. आंघोळ घालणे, भरवणे, हात धरून चालवणे हे मदतनीस उत्तम करील. कॅथेटर बदलण्याचे काम त्याच्यावर सोपविणे गैर. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

खरी पारख पुढेच होते. अंथरुणातील रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा पाठीला जखमा होतात. ती वेळ वहीत नोंदली जाते का? चोवीस तास राबणाऱ्या मदतनिसाकडून रात्री सावधपणाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आणि घातकही. कमी दराचे रहस्य अनेकदा येथेच दडलेले असते.

पोलीस पडताळणी झाली म्हणून एटीएम कार्ड आणि पिन कोणाच्या हाती देऊ नये. ७० वर्षांवरील ज्येष्ठांना रोख रक्कम घरपोच देण्यासारख्या सेवांसाठी प्रयत्न करावेत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना केली आहे. तिची चौकशी शाखेत अवश्य करावी. आणि वृद्ध खातेदाराऐवजी मदतनीसच वारंवार धनादेश घेऊन येऊ लागला, तर खातेदाराला दूरध्वनी करण्यास शाखेला दोन मिनिटे पुरतात.