खाटेखालचे गठ्ठे

माझ्या कादंबरीच्या पाचशे प्रती घरी आल्या, तेव्हा सौ. एवढंच म्हणाली, "ठेवणार कुठे?" पैसे माझे, मुद्रितं मीच तपासलेली, आयएसबीएन तर आपल्याकडे फुकटच मिळतो. विकायचं कसं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. एका दुकानदाराने पाच प्रती ठेवून घेतल्या आणि वर्षाने धुळीसकट परत दिल्या.

मग शेजारच्या सोसायटीतल्या पुस्तक-भिशीत एक प्रत गेली. बारा बायका, महिन्याला एक पुस्तक. तीन महिन्यांनी ती प्रत पाहिली. कोपरे दुमडलेले, एका पानावर हळदीचं बोट आणि समासात पेन्सिलीने, 'हे सासूला कळलं कसं?' खरंच की! तो धागा मी सोडूनच दिला होता. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून पुढे सतरा प्रती गेल्या, दोन तर थेट बडोद्याला.

वाचकांनीच पुस्तक पुढे न्यावं, यात नवं काही नाही. 'ग्रंथाली' वाचक चळवळ म्हणूनच उभी राहिली. १९७८मध्ये दया पवारांचं 'बलुतं' तिनेच काढलं.

म्हणून वाचनकट्टेवाल्यांना विनंती, वर्षाच्या बारांत दोन पुस्तकं तरी स्वखर्चाने छापणाऱ्यांची घ्या. पण विकत घ्या. शाल-श्रीफळ नको, त्या पैशांत चार प्रती येतात. आवडलं नाही तर तोंडावर सांगा. आणि लेखकमित्रांनो, रोज सकाळी गटात मुखपृष्ठ टाकणं थांबवा. लोक ते 'सुप्रभात'सारखंच न बघता सरकवतात. त्यापेक्षा पहिलं प्रकरण टाका.

खाटेखाली अजून दोन गठ्ठे आहेत. पुढची भिशी आमच्याकडे आहे.