कोहळ्याचं भूत

मी भुताला भीत नाही. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला घाबरायला ऑडिटर पुरतो. पण गेल्या ३१ ऑक्टोबरला आमच्या मोर्शीच्या घरात, भर दुपारी, माझी बोबडी वळली. ओट्यावर कापलेली बोटं पडली होती. बोटांना नखं होती. शेजारच्या वाटीतून चार डोळे माझ्याकडे टक लावून बघत होते.

"बाबा, बोटं मैद्याची, नखं बदामाची आणि डोळे रसगुल्ल्यांचे," कन्येनं ओळख करून दिली. कॉलनीत हॅलोवीनची पार्टी होती. प्रत्येक घरानं एक घाबरवणारा गोड पदार्थ करून न्यायचा होता. बदामाचा भाव ठाऊक असल्यामुळे मला खरी भीती नखांचीच वाटली.

बातमी कळताच शेजारचे काका कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "संस्कृती बुडाली!" हे मला मुळीच मान्य नाही. भुतांना जेवू घालण्यात आपला हात कोण धरणार? भाद्रपदात पंधरा दिवस आपण खीर-वडे करून कावळ्याच्या विनवण्या करतो, ते काय कावळा अशक्त झाला म्हणून? तिकडेही तेच. १ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर सगळ्या मृतात्म्यांचा. हॅलोवीन ही त्याची आदली रात्र. या दिवसांत इंग्लंडात दारी येणाऱ्या गरिबाला 'सोल केक' देत आणि त्यानं त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. खाणार जिवंत माणूस, जमा मेलेल्याच्या खात्यात! आपला कावळा हाच व्यवहार बिनपगारी करतो.

तेव्हा काका चुकले. पण पार्टीवालेही चुकले, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशीच आहे. आयरिश लोक आपल्या गावी सलगम कोरून त्यात दिवा लावत. अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मिळाला, तर भोपळा कोरला. जिथे गेले तिथलं वापरलं. आणि आम्ही? मोर्शी-वरूड म्हणजे संत्र्याचा मुलूख. आंबिया बहार उतरायच्या बेतात. आणि आम्ही नारिंगी रंगाची बाटली कुरिअरनं मागवतो!

एवढ्यात आई आत आली.

"हे काय होय, माय?"

"आजी, भुतांसाठी आहे."

"कोन्या भुतासाठी?"

कन्या गप्प. मीही गप्प. इतकी खरेदी झाली, पण पाहुणा कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तुह्या आज्याले कोहळ्याचे बोंडं लय आवडत. त्याईले का बोटं चारता?"

झालं. घरात कोहळं होतंच. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची असते. माझ्या पुरुषार्थाला घरात एवढंच काम उरलं आहे, ते मी पार पाडलं. कीस गुळात शिजला, निवला, त्यात मावेल तेवढी कणीक आणि वेलची पडली, आणि मंद आचेवर बोंडं तेलात सुटली. एकाला नाक फुटलं, एकाला शेपूट आलं. भीतिदायक करायला वेगळी मेहनत लागलीच नाही. कन्येनं नुसते लवंगांचे डोळे लावले. कोहळ्याच्या सालीत पणती बसली.

पार्टीत तिनं सांगितलं, "हे माझ्या आजोबांसाठी." पोरांनी विचारलं, "कसे होते ते?" तिला सांगता येईना. माझ्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली. ती नऊ वर्षांची आहे. भिंतीवरच्या फोटोपलीकडे तिला ते माहीत नव्हते, आणि मी कधी सांगितलंही नव्हतं. त्या रात्री अकरापर्यंत मी सांगत होतो, आई मधे मधे चुका दुरुस्त करत होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पार्टी करा, खुशाल करा. पण प्रत्येक घरानं आपल्या गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ आणावा आणि त्याचं नाव सांगून वाढावा. नाव-गाव माहीत नसतं, तोवरच ते भूत. माहीत झालं की ते आपले आजोबा.

पुढेमागे माझ्या नावानंही काही करावं लागेलच. तेव्हा ती बदामाची नखं खुशाल लावा. भाव मला कळणार नाही.