टोरांटोच्या महापौराला हसणाऱ्यांना

कॅनडातल्या टोरांटो शहराचे माजी महापौर रॉब फोर्ड यांची गोष्ट आपल्याकडच्या सुशिक्षित बैठकांतून आजही विनोद म्हणून सांगितली जाते. अमली पदार्थ ओढताना चित्रफितीत सापडलेला, भर सभागृहात धावताना एका वयस्क नगरसेविकेला धडक देऊन पाडणारा, चारचौघांत बोलू नये ते बोलणारा महापौर, आणि तरीही त्याच्या पाठीशी ठाम उभे राहिलेले लाखो मतदार! गोष्ट संपली की सांगणारा चष्मा पुसत म्हणतो, 'लोकच मूर्ख, दुसरे काय?' ऐकणारे माना डोलावतात आणि चहा येतो. या निष्कर्षाला माझा विरोध आहे. ही गोष्ट मूर्ख लोकांची नाहीच. हसत बसलेल्या शहाण्यांच्या देखत एका शहराच्या वाहतुकीचे कसे मातेरे झाले, त्याची ती गोष्ट आहे.

आधी लोकप्रियतेचे पाहू. २५ ऑक्टोबर २०१० च्या निवडणुकीत फोर्ड यांना ३ लाख ८३ हजारांवर मते पडली, म्हणजे एकूण मतांच्या ४७ टक्के. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर पोलीसप्रमुखांनी 'ती चित्रफीत आमच्या हाती आली आहे' असे जाहीर केले, तेव्हा झालेल्या एका पाहणीत त्यांची लोकप्रियता घसरण्याऐवजी ३९ वरून ४४ टक्क्यांवर गेली. हा आकडा आपल्या विनोदकारांना फार आवडतो. पण तो कोठून आला हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

तो आला उपनगरांतून. आज आपण ज्याला टोरांटो म्हणतो ते शहर १ जानेवारी १९९८ रोजी सहा नगरपालिका एकत्र करून बनवलेले आहे. जुने टोरांटो, यॉर्क, ईस्ट यॉर्क, नॉर्थ यॉर्क, इटोबिको आणि स्कारबरो. हे विलीनीकरण ऑंटारिओच्या प्रांत सरकारने लादले. त्याआधी १९९७ साली नगरपालिकांनी लोकांचे मत घेतले, तर सुमारे तीन चतुर्थांश मते विरोधात पडली. सरकारने ती केराच्या टोपलीत टाकली. वाचकहो, आपण सीमाभागातली माणसे. माणसांना न विचारता नकाशावर रेघ ओढली म्हणजे त्या रेघेच्या आतल्यांच्या मनात काय साठत राहते, हे १९५६ पासून आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही टोरांटोच्या उपनगरवासीयांना हसताना आपल्याला त्याची आठवण होत नाही, याचे मला नवल वाटते.

या विलीन झालेल्या शहराचा गाभा जुन्या टोरांटोत. भुयारी रेल्वेचे जाळे दाट तेथेच, ट्राम तेथे, विद्यापीठ तेथे, वृत्तपत्रांच्या कचेऱ्याही तेथेच. स्कारबरोतला माणूस बसथांब्यावर बर्फात उभा. फोर्ड यांची मोठी करामत काय? तर ते नागरिकांचे फोन स्वतः घ्यायचे, उलट फोन करायचे आणि तक्रार पाहायला घरी जायचे. यालाही आपण हसतो. ज्याच्या घरी महापालिकेचा शिपाईही कधी फिरकला नाही, त्याला महापौर दारात आल्यावर काय वाटत असेल याची कल्पना हसणाऱ्याला यायची नाही. मार्च २०१६ मध्ये फोर्ड कर्करोगाने वारले, तेव्हा दोन दिवस त्यांचे पार्थिव सिटी हॉलमध्ये ठेवले होते आणि लोक दर्शनासाठी रांग लावून उभे होते. ती रांग मूर्खांची होती, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता रेल्वेकडे वळतो, कारण खरे दुखणे तेथे आहे. फोर्ड यांच्या आधीचे महापौर डेव्हिड मिलर यांनी २००७ मध्ये 'ट्रान्झिट सिटी' नावाची योजना मांडली. सात मार्ग, सुमारे १२० किलोमीटर, रस्त्यावरच स्वतंत्र पट्टा राखून धावणारी हलकी रेल्वे. भुयार खणण्यापेक्षा किलोमीटरमागे खर्च कितीतरी कमी, म्हणून तेवढ्याच पैशात लांबचा पल्ला गाठता येतो. आणि हे मार्ग जाणार होते कोठे? फिंच, पूर्व शेपर्ड, एग्लिंटन, स्कारबरो. म्हणजे बहुतांशी त्याच उपनगरांत, जेथला माणूस बर्फात उभा होता! पहिल्या चार मार्गांसाठी प्रांत सरकारने कबूल केलेली रक्कम सुमारे आठ अब्ज डॉलर होती.

१ डिसेंबर २०१० रोजी फोर्ड खुर्चीवर बसले आणि पहिल्याच दिवशी योजना मेली असे जाहीर करून मोकळे झाले. महापालिका सभेचा ठराव नाही, चर्चा नाही. मोटारीविरुद्धचे युद्ध संपले, आता फक्त भुयारी रेल्वे, हा त्यांचा जप. पैसा खाजगी भांडवलदार देतील असे आश्वासन. मार्च २०११ मध्ये प्रांत सरकारने सारी रक्कम एकट्या एग्लिंटन मार्गाच्या भुयारात घालण्याचे मान्य केले. फिंचच्या वाट्याला काही उरले नाही. शेपर्डसाठीचे ते खाजगी भांडवल अखेरपर्यंत आले नाही. ज्यांच्या मतांवर निवडून आले त्यांच्याच तोंडचा घास या गृहस्थांनी काढला, हे मी स्वच्छ सांगतो. कोणी मला फोर्ड यांचा वकील म्हणणार असेल तर त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

पण मग त्या लोकांनी टाळ्या का वाजवल्या? मला विचाराल तर प्रश्न वेगाचा नव्हता, मानाचा होता. 'तुम्हाला भुयारी गाडी आणि आम्हाला रस्त्यावरची?' हा स्कारबरोचा सवाल होता. त्यातच सेंट क्लेअर रस्त्यावर ट्रामसाठी वेगळा पट्टा करण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, खर्च वाढला, दुकानदार हवालदिल झाले. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. यावर शहाण्यांचे उत्तर काय, तर तज्ज्ञांचे अहवाल. अहवाल बरोबर होते! परंतु अपमानित माणसाला गणित बरोबर आहे एवढेच सांगत राहणे हा दुसरा अपमान असतो. त्याच्या मोहल्ल्यात जाऊन, त्याच्या थांब्यावर उभे राहून, ही गाडी तुझ्या दारात सात ठिकाणी थांबेल आणि ती भुयारी तीनच ठिकाणी थांबेल, हे समजावण्याचे काम कोणी नेटाने केले नाही. विनोदी सदरे मात्र भरपूर लिहिली गेली.

८ फेब्रुवारी २०१२ रोजी महापालिकेने २५ विरुद्ध १८ मतांनी महापौरांना झुगारून हलकी रेल्वे परत आणली. त्याच महिन्यात वाहतूक मंडळाचे मुख्य अधिकारी गॅरी वेबस्टर यांना मंडळावरच्या फोर्ड समर्थकांनी ५ विरुद्ध ४ मतांनी घरी बसवले. त्यांचा दोष एवढाच की भुयाराचा हट्ट परवडणारा नाही असे त्यांनी सभेला सांगितले होते. आपल्याकडे सरळ अधिकाऱ्याची बदली होते, तिकडे भरपाई देऊन काढतात.

आणि आता तो भाग, जो आपल्या विनोदवीरांच्या गोष्टीत कधीच येत नाही. २०१३ च्या मे महिन्यात चित्रफितीची बातमी फुटली. सारे शहर, नव्हे सारे जग हसू लागले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला महापालिकेने २४ विरुद्ध २० मतांनी स्कारबरोची सात स्थानकांची हलकी रेल्वे, जिचा खर्च प्रांत सरकार उचलणार होते, ती रद्द केली आणि तीन स्थानकांच्या भुयारी मार्गाला मंजुरी दिली. त्यासाठी घरपट्टी वाढवली. ती २४ मते एकट्या फोर्ड यांची होती काय? ती प्रतिष्ठितांचीही होती. वर्षभरापूर्वी हलक्या रेल्वेसाठी फोर्ड यांच्याशी झुंजलेल्या वाहतूक मंडळाच्या अध्यक्षा कॅरन स्टिन्ट्झ त्यांत होत्या. प्रांतातल्या सभ्य उदारमतवादी सरकारनेही स्कारबरोतली पोटनिवडणूक जिंकण्यासाठी भुयाराचाच झेंडा खांद्यावर घेतला. फोर्ड यांच्या जागी आलेले जॉन टोरी सभ्य, मृदुभाषी. त्यांनीही तोच मार्ग रेटला. २०१६ मध्ये तीन स्थानकांचे एक झाले आणि खर्च तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेला. पुढे रॉब यांचे बंधू डग फोर्ड २०१८ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी पुन्हा तीन स्थानके केली. नाक मुरडावे असे बोलणारा एक माणूस गेला, त्याचे धोरण मात्र सभ्यांनी जपले. हलक्या रेल्वेवाल्यांच्या बाजूचेही सांगून टाकतो: २०११ मध्ये काम सुरू झालेला एग्लिंटन मार्ग २०२० मध्ये उघडायचा होता, २०२४ संपले तरी त्यावर प्रवासी बसला नव्हता.

या सगळ्याची किंमत कोणी दिली? स्कारबरोची जुनी, खिळखिळी झालेली छोटी रेल्वे बदलायची म्हणून तर हा सारा खटाटोप होता. नवी काही आलीच नाही. जुनी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद करायची ठरली होती, तिने तेवढीही वाट पाहिली नाही. २४ जुलै २०२३ च्या संध्याकाळी तिचा शेवटचा डबा सुटून रुळावरून घसरला, माणसे जखमी झाली आणि ती गाडी पुन्हा धावली नाही. त्या दिवसापासून स्कारबरोचा माणूस पुन्हा बसच्या रांगेत आहे. हसणारे त्या रांगेत नव्हते.

डग फोर्ड यांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट केली. महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना टोरांटोचे नियोजित ४७ वॉर्ड त्यांनी एका कायद्याने २५ वर आणले. आम्हा बेळगावकरांना यात नवे काही नाही. २००५ साली ठराव आवडला नाही म्हणून वरच्या सरकारने आमची निवडून आलेली महापालिकाच बरखास्त केली होती. वरचे सरकार खालच्या सभागृहाला कसे वागवते याबद्दल टोरांटोकर आणि आपण एका पंगतीला बसू शकू. त्यांच्या मतदाराला मूर्ख म्हणणाऱ्याने आधी एवढेच सांगावे, की आपल्या शहराच्या टोकाच्या वसाहतीतून पहाटेची पहिली बस किती वाजता सुटते. मी हा प्रश्न गेल्या दिवाळीत अशाच एका बैठकीत विचारला होता. कोणालाच ठाऊक नव्हते.