ठिपक्यांवर मालकी कोणाची?

भज्जू श्याम यांच्या लंडनमध्ये बिग बेनचा कोंबडा होतो. वेळ सांगायची ती कोंबड्यानेच. बस म्हणजे इमानी कुत्रा, विमान म्हणजे उडता हत्ती, आणि संध्याकाळी पबकडे निघालेले इंग्रज म्हणजे वटवाघळे. तिथल्या एका भारतीय रेस्तराँच्या भिंती रंगवायला गेलेल्या या गोंड चित्रकाराचे ‘द लंडन जंगल बुक’ हे पुस्तक २००४ मध्ये आले. त्यांच्या चित्रांत झाड, फूल, हरीण लगेच ओळखू येते. आत मात्र ठिपके आणि रेघांची अर्धअमूर्त वीण चाललेली असते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२३ मध्ये गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन. एक सन्मान माणसाचा, दुसरा मुलखाचा. ही वीण मग नेमकी कोणाची?

मुलखाची, असे म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. परधान गोंडांची गाणी, देवकथा आणि घराच्या भिंतींवरची नक्षी यांतूनच ही चित्रे आली. दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढमध्ये आणि भोपाळमध्ये कितीतरी कुटुंबे यावर जगतात. प्रत्येकाने आपापल्या ठिपक्याला कुंपण घातले, तर नव्या पोराने हात कुठे बसवायचा?

तरीही ‘प्राचीन परंपरा’ ही पाटी आम्हाला अर्धीच खरी वाटते. भिंतीवरची नक्षी जुनी. कागदावरचे हे चित्र मात्र १९८०च्या दशकातले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन भोपाळच्या भारत भवनासाठी गावोगाव चित्रकार शोधत होते. त्यांच्या चमूला पाटनगढमध्ये जनगढ सिंह श्याम सापडले. जनगढ भोपाळला आले, त्यांनी कागद आणि तयार रंग हाती घेतले, नातलगांना बोलावून शिकवले. एकेकाळी रात्रपाळीचे पहारेकरी असलेले भज्जू हे त्यांचेच पुतणे. म्हणजे या शैलीला जन्मदाता आहे, आणि त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. (हिंदी लेखक उदयन वाजपेयींनी तिला ‘जनगढ कलम’ म्हटले, ते उगाच नव्हे.) पुढे पुतण्याने लंडन रंगवले ते काकाची नक्कल म्हणून नाही.

नाव झाले म्हणजे सगळे निभावते, असेही नाही. १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात पोहोचलेल्या जनगढ यांनी २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना आयुष्य संपवले. आपल्याकडे गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कपांवर, कुशनवर, सोसायट्यांच्या भिंतींवर नाचणारी वारली माणसे मात्र आजही बिननावाचीच.

कायद्यातही मुलूख आणि माणूस या दोन वाटा वेगळ्या आहेत. भौगोलिक मानांकन ‘गोंड’ या नावाचा गैरवापर रोखते. अमुक चित्रकाराच्या हरणाची चोरी रोखणे त्याच्या आवाक्यात नाही. त्यासाठी १९५७चा कॉपीराइट कायदा आहे, आणि चित्र विकले म्हणून त्याचे हक्क आपोआप विकले जात नाहीत. पण पाटनगढच्या चित्रकाराने वकील कुठून आणायचा? म्हणून मानांकन हवेच. त्याचा शिक्का मात्र चित्रकाराच्या सहीची जागा घेऊ लागला, तर तो सोय कमी आणि अडचण जास्त ठरेल. सरकारी एम्पोरियम आणि हस्तकला मेळ्यांनी एवढे तरी करावे: चित्रामागे गावासोबत चित्रकाराचे नाव लिहावे, आणि छापील वस्तूवर चित्र वापरायचे तर त्याची लेखी परवानगी घेऊन वेगळे पैसे द्यावेत.