वजन उतरले, माप बदलले

पर्युषणातील अठ्ठाई असो, वर्षीतप असो किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केलेला चालण्याचा आणि मोजक्या आहाराचा नेम असो, वजन उतरले की घरातील स्त्री ब्लाउजची शिवण आत घेते, ड्रेस शिंप्याकडे पाठवते. अंतर्वस्त्राकडे मात्र तिचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. लग्नानंतर कधीतरी घेतलेला ‘३४’ वा ‘३६’ हा आकडा पंधरा-वीस वर्षे तसाच सांगितला जातो. पेण वा रोह्याच्या पेठेतील दुकानात पुरुष विक्रेता समोर असल्यामुळे खालच्या आवाजात नंबर सांगायचा, पुडी पिशवीत घालायची आणि निघायचे, एवढ्यात ही खरेदी उरकते. शरीर बदललेले असते. आकडा मात्र जुनाच राहतो.

स्तनाला आकार देणारा स्नायू त्यात नसतो. छातीचा स्नायू त्याच्या मागे असतो. स्तन म्हणजे दूध निर्माण करणाऱ्या ग्रंथी, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि चरबी. वजन उतरताना कमी होते ती मुख्यतः चरबी. तिचे प्रमाण प्रत्येकीत वेगळे असल्यामुळे नणंद-भावजयींनी सारखेच पाच किलो उतरवले, तरी एकीचा आकार बराच घटतो, तर दुसरीचा जेमतेम बदलतो. शरीराने चरबी कोठून उतरवावी, हे ठरवणे कोणाच्याही हाती नसते. रजोनिवृत्तीनंतर ग्रंथींची जागा बऱ्याच अंशी चरबी घेत असल्याने त्या वयात हा फरक अधिक जाणवू शकतो.

त्वचा मात्र चरबीच्या वेगाने आकसत नाही. वय, बाळंतपणे आणि वजन उतरण्याचा वेग यांनुसार थोडी शिथिलता येते. हा आजार नव्हे. व्यायामाने मागचा स्नायू बळकट होतो, पण सैल झालेले तंतू पूर्ववत होत नाहीत. मलमे आणि तेले यांवर त्यासाठी पैसे खर्चण्यात अर्थ नाही.

तपश्चर्येनंतरच्या खरेदीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अठ्ठाईत उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि पारण्यानंतर त्यातील बराचसा भाग भरून येतो. म्हणून लगेच माप घेण्याची घाई नको. वजन काही आठवडे स्थिर राहू द्यावे. वजन हळूहळू उतरत असेल, तर एकदम सहा-सात नग न घेता एक-दोनच घ्यावेत आणि पुढे पुन्हा माप घ्यावे.

माप घरीच घेता येते. शिवणकामाची टेप छातीच्या अगदी खाली, पाठीवरून सरळ फिरवून घट्ट धरावी. हे पट्टीचे माप. दुसरे माप सर्वांत उंच भागावरून, टेप न आवळता घ्यावे. दोन्हींतला फरक साधारण एक इंच असेल तर कप ‘ए’, दोन असेल तर ‘बी’, तीन असेल तर ‘सी’. काही कंपन्या खालच्या मापात काही इंच मिळवून नंबर ठरवतात. त्यामुळे खोक्यावरील तक्ता अवश्य पाहावा.

पुष्कळजणींचा गोंधळ होतो तो पुढे. पट्टी ३६ वरून ३४ वर आली, पण स्तनांचा आकार तेवढाच राहिला, तर ‘३६ बी’च्या जागी ‘३४ सी’ लागते. कपाचे अक्षर पुढचे आले म्हणून दचकू नये. दोन्हींच्या कपांतील जागा जवळपास सारखीच असते.

जुनी ब्रा बदलायची वेळ झाली, हे तिच्यावरूनच कळते. पट्टी पाठीवर वर सरकते, कपाला सुरकुत्या पडतात, खांद्याचे बंद सारखे घसरतात. बंद आवळणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मुख्य आधार पट्टीचा असतो. बंद आवळले की खांद्यावर वळ उठतात आणि मान-पाठ भरून येते. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे आणि पट्टीखाली दोन बोटे जावीत; पुढे इलॅस्टिक सैल झाले की आतले हुक कामी येतात. कोकणातील दमट हवेत सैल त्वचेच्या घडीत घाम साचून पुरळ उठते. तेव्हा सुती कापड घ्यावे, ते पूर्ण वाळवूनच घालावे आणि पुरळ टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.

ज्या घरांचा तयार कपड्यांचा व्यवसाय आहे, त्यांना येथे मोठी सोय करता येईल. गल्ल्यावर एक टेप, विक्रीसाठी एखादी जाणती स्त्री आणि घालून पाहण्यासाठी पडद्याआडची जागा, एवढे पुरे. योग्य माप मिळालेली ग्राहक पुन्हा त्याच दुकानात येते.

माप घेताना आणखी एक पाहणी आपोआप घडते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. वजनामुळे होणारा बदल दोन्ही बाजूंना होतो. दोन स्तनांत मुळातच थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. पण एकाच बाजूचा आकार नव्याने बदलला, गाठ लागली, त्वचेवर खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले वा त्यातून रक्त आले, काखेत गाठ जाणवली, तर वजनाकडे बोट दाखवून थांबू नये. चरबी कमी झाल्यावर आधीची गाठही हाताला स्पष्ट लागू शकते. काही प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर तेही तपासून घ्यावे.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गटातील पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात असा फरक दिसला नाही; तरीही वेळेवर दाखवण्याचे मोल कोणत्याही वयात कमी नाही. टाटा स्मारक केंद्राचेच दुसरे रुग्णालय खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. पेण-रोह्याहून रेल्वेने पनवेलला उतरून तेथे जाता येते.

संकोचापायी चुकीच्या मापाची ब्रा वर्षभर वापरली, तर पाठ दुखते. गाठ वर्षभर लपवली, तर त्याची किंमत फार मोठी असते. मुलीने आईला आणि सुनेने सासूबाईंना हे विचारावे, आणि घरातील पुरुषांनी दवाखान्यात नेण्यासाठी दुकानातला एक दिवस मोकळा ठेवावा.