जीभ उतारावरच का घसरते?

पुढाऱ्याच्या तोंडून भलतेसलते गेले की दुसऱ्या दिवशीचा खुलासा ठरलेला: ओघात बोललो, जीभ घसरली, माध्यमांनी विपर्यास केला. जीभ घसरते, हे एकवेळ मान्य. पण ती नेहमी उतारावरच कशी घसरते? पक्षप्रमुखांसमोर किंवा तिकीटवाटपाच्या बैठकीत ती घसरल्याचे फारसे ऐकिवात नाही.

धाराशिवकरांना दाखल्यासाठी लांब जायला नको. 23 मार्च 2017 रोजी तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड एअर इंडियाच्या विमानाने पुण्याहून दिल्लीत उतरले. तिकीट बिझनेस क्लासचे, विमानात मात्र तो वर्गच नाही. तक्रार करण्याजोगी गोष्ट होती, रीतसर करताही आली असती. त्याऐवजी विमानातून न उतरण्याचा हट्ट धरला गेला आणि समजूत घालायला आलेल्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याला चपलेचा मार मिळाला. वर कॅमेऱ्यासमोर हिशेबही दिला: पंचवीस वेळा मारले! हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे प्राध्यापक.

एअर इंडियासह खासगी कंपन्यांनीही त्यांना विमानबंदी केली, तेव्हा त्यांच्या मतदारसंघातल्या उमरग्यात बंद पाळला गेला. मार खाणाऱ्यासाठी नव्हे, मारणाऱ्यासाठी. दोन आठवडे विमान मिळेना, तेव्हा नागरी हवाई वाहतूक मंत्री अशोक गजपती राजू यांना खेदाचे पत्र गेले आणि बंदी उठली. लोकसभेत त्यांनी सभागृहाची माफी मागितली, त्या कर्मचाऱ्याची मागणार नाही, हेही तिथेच बजावले. मंत्र्यासाठी सभ्य भाषा त्यांच्यापाशी होती, हे त्या पत्राने सिद्ध केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेशिस्त प्रवाशांसाठी विमानबंदीची नियमावली आली: शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणाऱ्या वर्तनाला किमान दोन वर्षे.

जमिनीवर अशी नियमावली नाही. 2013च्या दुष्काळात उजनीच्या पाण्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याची अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील जाहीर सभेत जी टिंगल केली, ती आजही लोक विसरलेले नाहीत. त्यांनी माफी मागितली, कऱ्हाडला यशवंतरावांच्या समाधीपाशी आत्मक्लेशही केला. तरी सप्टेंबर 2025मध्ये परंडा तालुक्यात पुराची पाहणी करताना कर्जमाफीचा प्रश्न आला, तेव्हा ‘याला करा मुख्यमंत्री’ आणि आम्ही गोट्या खेळायला आलोय का, असा प्रसाद विचारणाऱ्याला मिळाला. दिवसभर चिखल तुडवून माणूस वैतागतो, हे खरे. पण समोरच्यांची तर शेतेच खरवडून गेली होती आणि विचारणारा फक्त विचारत होता.

तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी धरण पोखरल्याचे खापर खेकड्यांवर फोडले. ते 2 जुलै 2019च्या दुर्घटनेनंतर. ऑक्टोबरमध्ये परंड्याने त्यांना आमदार केले. खेकड्यांचे विधान त्यांच्या आड आले नाही.

पक्ष अशा वेळी ‘ते त्यांचे वैयक्तिक मत’ म्हणून हात झटकतात. आपणही ती चित्रफीत हसत पुढे पाठवतो आणि ‘भाऊ रोखठोक आहे’ म्हणून कौतुक करतो. भाऊंचा रोखठोकपणा बघायचा असेल, तर पुढच्या वेळी मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले की पीकविम्याचा प्रश्न त्यांना त्याच आवाजात विचारायला सांगावे.